लखूची हाक आणि राहून गेलेला शब्द

मित्रांनो, मी सी भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅममधला जुना व्हेरिएबल आहे. म्हणजे एक आकडा ठेवायची, नाव दिलेली छोटीशी जागा. माझं नाव माळा.

अणशी गावाजवळच्या एका भातशेतात राखणीच्या माळ्यावर, म्हणजे उंच मचाणावर, आवाज वाजवणारी पेटी बसवली आहे; माझा प्रोग्रॅम तिच्यातच चालतो. गवे किंवा रानडुकरं आली की ती हाक घालते. ही हाक लखूची. जन्मभर त्याने तिथे बसून पीक राखलं. गुडघे थकले, तेव्हा त्याच्या मुलीने, रक्षाने, त्याची हाक पेटीत भरली आणि मला घडवलं. नवा आवाज भरायचा झाला तर पेटीतल्या मेमरी कार्डावर कुठून भरायचा, तो आकडा मी सांभाळायचा. लखूच्या हाकेनंतरची मोकळी जागा मी कधी चुकलो नाही. रक्षा माझं कौतुक करी.

पुढे लखू वारला. संध्याकाळी पेटीने हाक घातली की त्याची बायको रुक्मा हातातलं काम थांबवून ऐकत राही.

मग रक्षाचा भाऊ नागेश याने प्रोग्रॅमला दुसरी फाईल जोडली. जनावरं किती वेळा आली ते मोजायला त्यानेही एक व्हेरिएबल केला आणि घरात सगळ्यांच्या तोंडी असलेलं नावच त्याला दिलं, माळा. नावाआधी स्टॅटिक हा शब्द लिहिला की ते नाव आपल्या फाईलपुरतंच राहतं, बाहेर दिसत नाही. तो शब्द दोघांनीही लिहिला नव्हता. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर जुना, त्याने चूक दाखवली नाही. फाईली जोडणाऱ्या लिंकरने दोन्ही नावं एकच धरली. नागेशची मोजणी रोज शून्यापासून सुरू होई आणि तिच्याबरोबर मीही शून्य होई.

डुकरं हाकेला सरावली, म्हणून रक्षाने डबा वाजवल्याचा आवाज भरायला घेतला. पेटीने मला जागा विचारली. मी शून्य सांगितलं, म्हणजे कार्डाची अगदी सुरुवात. तिथे लखूची हाक होती; तिच्यावरच डब्याचा आवाज भरला गेला आणि ती पुसली गेली. ती दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती.

त्या संध्याकाळी माळ्यावरून डबा वाजला. रुक्मा अंगणात आली. रक्षाने रडत रडत सगळं सांगितलं.

“एका घरात दोघांस्नी एकच नाव ठेवत न्हाईत. एवढं तर ठाव हाय न्हवं तुमास्नी?” रुक्मा म्हणाली. मग हळूच तिने विचारलं, “परत भरता येतंय न्हवं?”

“न्हाई, आई.”

रुक्मा तशीच आत गेली. आता संध्याकाळ झाली की ती दार लावून घेते.

मित्रांनो, जे नाव तुमच्याच फाईलचं आहे, ते तिथेच राखा. इतरांना खरोखर हवं असेल तेवढंच उघडं ठेवा. रक्षाने दुसऱ्या दिवशी माझ्याआधी स्टॅटिक लिहिलं. आता बाहेरचं कुणी मला शिवत नाही. तो शब्द मला राखतो. लखूला राखायला तो उशिरा आला.