बर्फाखाली पाणी नव्हते

मित्रांनो, मला सगळे पहार म्हणतात, पण मातीशी माझा कधी संबंध आला नाही. मी बर्फ फोडते. मोडक्या ट्रकच्या पोलादी पट्टीपासून एका लोहाराने मला घडवले, आणि माझी मालकीण जेमायमा हिच्या वडिलांनी स्वतः तासून दांडा बसवला. दांडा आता दुसरा आहे, पाते तेच.

कॅनडाच्या उत्तरेत, आमच्या क्री लोकांच्या मुलखात, हिवाळा लागला की तळ्यावर पहिले पाऊल माणसाचे पडत नाही, माझे पडते. सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या हातात मी असते. मला आपटायचे आणि आवाज ऐकायचा. भरीव आला तर पुढे चला, मऊ आला तर मागे फिरा. मी बोलत असताना कुणी बोलायचे नाही, अशी रीत आहे. जेमायमाचे कान इतके तयार की एका ठोक्यात तिला कळायचे. परत आल्यावर ती माझे पाते पुसून त्याला चरबी लावायची, मगच स्वतःचे मोजे वाळत घालायची.

तिचा धाकटा भाऊ एबेल मात्र मला हसायचा. त्याने बर्फावर पळणारी गाडी घेतली होती.

"ताई, तू ठोकत ठोकत पोचशील तोवर मासे म्हातारे होतील!"

"होऊ देत. म्हातारे मासे तुझ्यासारखी बडबड तरी करत नाहीत."

मग तळ्याच्या तोंडाशी धरण झाले. गावच्या सभेत दक्षिणेकडचे साहेब आले. म्हणाले, तुमच्या तळ्याचे पाणी जरा खालीवर होईल, एवढेच.

"खालीवर तर होतंच की," जेमायमा म्हणाली. "वसंतात वर, उन्हाळ्यात खाली. एवढं सांगायला इतक्या लांबून आलात?"

सगळी सभा हसली. बर्फ धरल्यावर पाणी जागचे हलत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे हिवाळ्याचे कुणी विचारलेच नाही, आणि साहेबांनीही सांगितले नाही.

मग हिवाळा आला. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. जेमायमा आणि तिची लेक रोडा बर्फाखाली जाळे लावायला निघाल्या. जागा वाडवडिलांपासूनची, तळ्याचा एक उथळ कोपरा. शरदात पांढरे मासे तिथे दगडगोट्यांवर अंडी घालतात. एबेल पलीकडच्या काठावरून गाडीने येणार होता.

जेमायमाने मला आपटले, आणि माझ्यातून असा आवाज निघाला जो मी जन्मात ऐकला नव्हता. भरीव नाही, मऊही नाही. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा! मीच दचकले.

"आई, बर्फ तर चांगला जाड आहे," रोडा कुजबुजली.

"गप्प. ऐकू दे मला."

तिने भोक पाडायला घेतले. शेवटच्या घावाला मी आरपार गेले आणि पाण्याची वाट पाहत राहिले. पाणी आलेच नाही. खालून नुसती गार हवा वर आली. मित्रांनो, आयुष्यभर ज्या पाण्यात मी बुडत आले, ते तिथे नव्हतेच! बर्फाचे छत मोठमोठ्या दगडांवर टेकून राहिले होते आणि आम्ही त्या छतावर उभ्या होतो.

तेवढ्यात गाडीची घरघर ऐकू आली.

"मागे फिर! एबेल, मागे फिर रे!" मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जेमायमा हलवू लागली. एबेलला गाडीच्या आवाजात काय ऐकू येणार? त्याला वाटले, बहीण पहार दाखवून चिडवते आहे. त्यानेही हात हलवला आणि गाडी आणखी जोरात सोडली.

बंदुकीसारखा बार झाला. एबेल गाडीसकट दिसेनासा झाला.

जेमायमा पोटावर आडवी झाली आणि मला पुढे ठोकत ठोकत त्या भगदाडाशी सरकली. अशा थंडीत तळ्यात पडलेला माणूस हाती लागत नाही, हे तिला माहीत होते. तिने खाली डोकावले. एबेल तळाच्या गोट्यांवर पडला होता. त्याचा पाय मोडला होता.

"ताई," तो रडतही होता आणि हसतही होता, "मी तळ्यात पडलोय, आणि माझे मोजे कोरडे आहेत गं! पाणी कुठं गेलं?"

दूरच्या शहरांतली घरे उबदार राहावीत म्हणून भर हिवाळ्यात धरणातून वीज करायला पाणी सोडले होते, हे आम्हाला मागाहून कळले. तेव्हा मात्र मला बर्फातून खालच्या दगडांत रोवून माझ्याभोवती दोर गुंडाळला आणि दोघींनी त्याला वर ओढले. त्याने मूठ उघडली. मुठीत माशांची अंडी होती, गोठून खड्यांसारखी झालेली.

"खाली सगळीकडे हीच आहेत," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचे सगळे मासे, ताई."

आमच्यात माशाचा काटासुद्धा कुत्र्यापुढे टाकत नाहीत. पाण्याचे ते पाण्याला परत द्यायचे. एबेलला दवाखान्यात पोचवल्यावर जेमायमा ती अंडी घेऊन पुन्हा तळ्यावर आली. एक भोक पाडले, कोरडे. दुसरे पाडले, तेही कोरडे. तळ्यावर उभे राहून तळे शोधायची पाळी आली! पार मध्यावर गेल्यावर माझे पाते भिजले. तिने अंडी सोडली आणि माशांची माफी मागितली.

त्या कोपऱ्यात पुन्हा जाळे लागले नाही. मी आता गावातल्या घरात दाराआड उभी असते. पात्यावर गंज चढला आहे. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुठलेही पाणी हलवण्याआधी, त्याच्यावरून चालत आलेल्यांना सगळे सांगा. अर्धे नको, सगळे.

जेमायमा बाहेर पडते तेव्हा मला बरोबर घेते. उंबरा ओलांडताना आधी मला रस्त्यावर आपटते, कान देते आणि मगच पाऊल टाकते. नातवंडे खिदळतात.

"आजी, हा डांबरी रस्ता आहे!"

"असू दे," ती म्हणते. "तळंसुद्धा आमचं ओळखीचंच होतं."