पाण्यातली ऊब गेली कुठे?

मी एक जुना निळा ड्रम आहे. मित्रांनो, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी तरी कुठे कुणावर ठेवतो? झाकण उघडणारा हात काही घ्यायला आलाय की काही टाकायला, हे मी आधी पाहतो.

माझा जन्म साच्यातला. गरम, लिबलिबीत असा मी फुगलो आणि गोल, टणक होऊन बाहेर पडलो. पहिली नोकरी सरबताच्या कारखान्यात. पोटात संत्र्याचा पाक, अंगावर पिवळंधमक लेबल, काय ती माझी ऐट! मग नवे ड्रम आले आणि माझी रवानगी भंगारात झाली. भंगारवाल्याने लेबल खरवडून काढलं, तिथेच माझं नशीब फिरलं. बिनलेबलाच्या ड्रमाकडे जो तो वाकड्या नजरेने बघतो आणि विचारतो, "यात आधी काय होतं?"

मला उचललं एका शिंपीणबाईंनी. त्यांनी आधी माझ्या पोटात डोकं घालून वास घेतला.

"सरबताचा आहे, मावशी. शप्पथ!" भंगारवाला म्हणाला.

"विषाचा असता तरी सरबताचाच म्हणाला असतास," असं म्हणत बाईंनी मला घेतलं. घासूनपुसून धुतलं, उन्हात उलटं ठेवलं आणि पुन्हा वास घेतला. मला त्या तिथेच आवडल्या. माझ्याच वळणाच्या निघाल्या!

बाईंनी जन्मभर कपडे शिवले. मग गुडघे बोलू लागले, दुकान बंद झालं आणि त्या मला घेऊन लेकीकडे राहायला आल्या. घर वरच्या मजल्यावर. अंगण नाही, माती नाही. काचा लावून बंद केलेली एक अरुंद गॅलरी तेवढी. तिथे जावईबापूंनी कमरेच्या उंचीवर नळ्या बसवल्या, नळ्यांना भोकं, भोकांत रोपं. माझ्या पोटातलं खत मिसळलेलं पाणी पंपाने वर चढायचं, मुळं भिजवायचं आणि माझ्याकडे परत यायचं. बाईंना वाकावं लागत नसे. सकाळी चहाचा कप घेऊन त्या येत, एकेक पान कॉलरसारखं दोन बोटांत धरून पाहत आणि गुणगुणत:

सुई गं सुई, तू जाशील कुठं?
जिथं उसवलं, तिथं तिथं.

थंडीत लेट्यूस असा तरारला की शेजारीण पान मागून न्यायला लागली. कौतुक पानांचं झालं. ड्रमाचं कोण करतो?

मग उन्हं तापली. माझ्यातलं पाणी कोमट झालं आणि पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली. कुबट वास सुटला. घरात प्रत्येकाने चोर शोधला, आणि प्रत्येकाचा चोर वेगळा. बाईंना जावयांच्या खताचा संशय. लेकीला वाटे, आई हात धुतलेलं साबणाचं पाणी ओतते. मला पंपाचा संशय. तो दिवसरात्र कुजबुजतो, असल्यांचा काय भरवसा? आणि जावईबापू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या ड्रममध्ये आधी काय होतं, कुणी पाहिलंय?"

लेक एक दिवस दारातच उभी राहिली. "आई, एकदा रोपं गेली, दोनदा गेली. या खेपेला गेली तर मी गॅलरी मोकळी करणार. कपाट ठेवायला जागा नाही मला."

"आणि मी सकाळी उठून काय बघू? तुझं कपाट?"

लेक नजरेनेच गॅलरीची रुंदी मोजू लागली. मला मात्र कळलं, कपाट आलं की आधी मी जाणार आणि माझ्यामागून बाईंची सकाळ जाणार.

जावईबापूंनी थर्मामीटर बुडवला. पाणी तिसाच्याही वर! "कोमट पाण्यात हवा कमी विरघळते," ते म्हणाले. "मुळं गुदमरतायत." आधी बर्फाच्या बाटल्या सोडून पाहिल्या. सकाळी मला हुडहुडी, दुपारी पुन्हा ताप. मग पाणी गार करणारा चिलर घ्यायचं ठरलं. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन माझ्याच झाकणावर ठेवला, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

"ड्रम शंभर लिटरचा? मग छोटा चिलर नको," दुकानदार म्हणाला. "तो दिवसभर धापा टाकील. मधला न्या. थोडा मोठा असला की मधेमधे थांबून दम खातो."

"मोठा खपवायचाय म्हणून सांगताय," बाई म्हणाल्या.

"मावशी, कोट अंगाला घट्ट शिवतात की जरा सैल?"

"सैल. पण मी शिवायच्या आधी माप घेते. तुम्ही आमची गॅलरी तरी पाहिलीत का?"

"गॅलरी कशाला बघायची? पाणी गार करायचंय ना, गॅलरी नाही! वापरलेला आहे, आठवडाभर ठेवून घ्या. नाही पटला तर परत."

"वापरलेला का विकताय?"

"मासे विकले, माशांची काचपेटी विकली, हा एकटा उरला."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्यावर एक टपली मारली.

चिलर आला. पांढरा, चौकोनी. पाणी पिणारं एक तोंड, ओतणारं दुसरं, आणि पाठीला जाळी. मला तो पहिल्या घटकेपासून खटकला. तोंड गोड, पण पाठीमागे काय चाललंय ते दाखवेना. जावयांनी त्याला माझ्या अंगाला टेकवून, जाळी माझ्याकडे करून ठेवलं. धूळ नको म्हणून खिडकी बंदच.

पहिल्या सकाळी पाणी गारेगार. बाई हरखल्या. दुपारी पुन्हा कोमट. तो थांबेना, दम खाईना, नुसता घरघरत राहिला. एक रोप मान टाकून बसलं.

"यंत्र बोगस निघालं," जावईबापू म्हणाले.

"यंत्र नाही, तो ड्रमच," लेक म्हणाली. "रविवारी दोन्ही घालवा."

त्याच दिवशी बाईंनी उशीचा अभ्रा धुतला आणि गॅलरीतल्या दोरीवर, चिलरच्या वर टाकला. चहा घेऊन आल्या तर अभ्रा खडखडीत वाळलेला! बाईंनी आधी अभ्र्याकडे संशयाने पाहिलं, मग चिलरकडे. जाळीमागे तळवा धरला आणि झटकन मागे घेतला.

"अगंबाई! हा तर इस्त्री करतोय! जावईबापू, बिघडलाय हो हा!"

जावयांनीही हात धरला. मग कपाळाला लावला. "बिघडला नाही, आई. हेच त्याचं काम. पाण्यातली ऊब काढायची तर ती कुठेतरी टाकणारच ना? आपण त्याला बंद खोलीत कोंडलंय, आणि ती ऊब तो या ड्रमवरच ओततोय."

"म्हणजे एका हाताने वारा घालायचा आणि दुसऱ्याने शेगडी धरायची?"

"मीच ठेवलं तसं," जावई खाली बघत पुटपुटले.

खिडकी उघडली. चिलरची पाठ खिडकीकडे वळवली आणि त्याला माझ्यापासून दूर सरकवलं. संध्याकाळपर्यंत तो पहिल्यांदा थांबला, दम खाल्ला आणि पुन्हा लागला. पण भर दुपारची झळ माझ्या पातळ अंगातून आत शिरतच होती.

दुसऱ्या दिवशी बाई टेप आणि कात्री घेऊन आल्या. माझी उंची मोजली, घेर मोजला. मित्रांनो, मला वाटलं, भरलं माझं! भंगारवाल्याला माप कळवायचं असणार, नाहीतर कापून कुंड्या करायच्या असणार. मग त्यांनी पेटीतून एक जाड लोकरी कोट काढला. एका गिऱ्हाइकाने शिवायला टाकला होता आणि तो न्यायला कधी आलाच नाही.

"आई, तो कोट? इतकी वर्षं हात लावू दिला नाहीस!" लेक म्हणाली.

"कात्री लावायची आणि तो माणूस दारात उभा राहायचा, असं वाटायचं," बाई म्हणाल्या. "आता उभा राहिला तर राहू दे." आणि कात्री चालली. सुई गं सुई.

आता मी कोट घालतो. बाहेरची झळ बाहेरच अडते, आतला गारवा आत राहतो. पुढे बटणं आहेत, खिशात थर्मामीटर. नवी मुळं पांढरी आली आहेत. कपाटाचं नाव लेकीने काढलेलं नाही. शेजारणीला पानं मात्र तीच नेऊन देते. चिलरशी माझं अजून बोलणं नाही, पण तो थांबला की मीच कान देऊन ऐकतो, पुन्हा लागेल ना?

मित्रांनो, संशय जरूर घ्या. पण जुन्या वस्तूला घराबाहेर काढण्याआधी एकदा तिच्या पाठीमागे तळवा धरून पाहा. आणि कुठे एखादा माणूस आपला जुना कोट शोधत फिरताना दिसला, तर कृपा करून त्याला माझा पत्ता सांगू नका. दारावरची बेल वाजली की अजून माझ्या पोटातलं गार पाणी हलतं.