टेबलाखालचं खोकं

"एक्सलचे दाते आले का रे?"

लोएल कॉम्ब्स जुन्या पिकअपखाली उताणा पडला होता. त्याला फक्त पावलं दिसत होती. चर्चचे उपदेशक ब्रदर हार्लन स्लोन यांचे झिजलेले बूट, आणि शेजारी त्यांच्या बायकोचे, सिस्टर व्हर्नाचे, पांढरे कापडी जोडे.

"नाही अजून," तो गाडीखालूनच म्हणाला. "लेक्सिंग्टनवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात."

"तुझ्या लेक्सिंग्टनवाल्याचा आठवडा असतो तरी किती दिवसांचा?" व्हर्ना म्हणाली. "माझे पडदेसुद्धा शिवून झाले."

"पडद्यांवर ट्रेलर डोंगर चढत नाही, सिस्टर."

"चढेल. मी मागनं ढकलते."

दोघं हसत निघून गेली. लोएल बराच वेळ तसाच पडून राहिला. दाते आदल्याच दिवशी आले होते. खोकं कामाच्या टेबलाखाली, ताडपत्रीआड होतं.

गाडी सव्वीस वर्षांची, आणि तिच्यामागे जोडायचं ट्रेलरचं घर तीस फुटी. लोएलनं मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले होते, पाट्यांवर हवेचे फुगे बसवले होते, गिअरचं तेल थंड ठेवायला पुढे जाळी लावली होती, ट्रेलरचे ब्रेक लागायची डबी स्टिअरिंगखाली ठोकली होती. राहिले होते फक्त मागच्या एक्सलचे दाते. जुन्या दात्यांवर एवढं ओझं ओढलं असतं तर पहिल्याच घाटात गिअरबॉक्स जळला असता. हे खरंच होतं. पण ते काम दीड दिवसाचं होतं.

त्यानंतर ती दोघं ॲरिझोनाला लेकीकडे जाणार होती. हिवाळा काढायला, असं हार्लन म्हणत. व्हर्नानं मात्र कोंबड्या वाटून टाकल्या होत्या.

लॉरेल ओढ्याकाठच्या त्या फळ्यांच्या चर्चमध्ये पेटी नाही, पियानो नाही. हार्लन उठायचे, चार वाक्यं साधी बोलायचे, मग तळहात कानाशी जायचा आणि बोलणंच सुरात चढायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास असा घ्यायचे, की ऐकणाऱ्याचाही श्वास तिथेच पडावा. बायको गेल्यावर लोएल दोन वर्षं माणसांत नव्हता. एका रविवारी रस्त्यानं जाताना तो सूर उघड्या खिडकीतून त्याच्या कानावर पडला, आणि तो आत जाऊन मागच्या बाकावर बसला. तेव्हापासून त्याचा रविवार चुकला नव्हता.

ईस्टर होऊ दे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग मेमधली मोठी सभा होऊ दे. जुलैत व्हर्नाची उजवी बाजू गेली. ऑगस्टमध्ये ती गेली. लेक विमानानं मातीला आली. ट्रेलर अंगणात होता तिथेच राहिला.

सप्टेंबरात पाय धुण्याची सभा आली. येशूनं शिष्यांचे धुतले तसे सगळ्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे, वर्षातून एकदाच. मनात कुणाविषयी काही ठेवून घंगाळाशी बसायचं नाही, म्हणून आधी गाणं चालू असताना सगळ्यांनी सगळ्यांचे हात धरायचे. लोएलनं एकतीस हात धरले. बत्तिसावा हार्लनचा होता.

"यंदा माझे तू धू," ते म्हणाले आणि बाकावर बसून मोजे काढू लागले.

लोएलनं लांब पंचा कमरेला बांधला, गुडघे टेकले. पाय धरला आणि सोडला.

"ब्रदर हार्लन, मला नाही धुता येणार."

"गुडघा दुखतो का?"

"दाते एप्रिलमध्येच आले होते. मी लपवले. तुम्ही गेलात तर इथे कोण... म्हणून."

बायकांच्या बाजूनं गाणं चालूच होतं. हार्लननी मोज्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"एप्रिलमध्ये कधी?"

"आठ तारखेला."

"एप्रिलात ती ओढ्यापर्यंत चालत जायची," हार्लन म्हणाले. "रानभाजीची जुडी काखेत घेऊन परत यायची."

लोएलला मान वर करवेना. समोरचं घंगाळ हलत होतं. हार्लननी पाय पाण्यात ठेवला होता.

"धू. पाणी निवतंय."

त्यानं धुतले. मग हार्लन खाली बसले आणि त्यांनी त्याचे धुतले. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, भेगांतलं न निघणारं काळं तेल, काही सोडलं नाही. नंतर मिठी मारायची असते. हार्लननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"सोमवारी बसव," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी ट्रेलर जोडला. पिकअपची मागची बाजू बोटभरही खाली बसली नाही. खिडक्यांवर व्हर्नाचे पिवळे पडदे होते, इस्त्री केलेले. हार्लन एकटेच आत चढले. लोएल ट्रेलरच्या मागे जरा बाजूला जाऊन उभा राहिला, आरशात दिसेल असा.

"डावा?" पुढून आवाज आला. साधा, बिनसुराचा.

डावा दिवा लुकलुकत होता. लोएलनं डावा हात वर केला.

"उजवा?"

उजवा केला.

"ब्रेक?"

दोन्ही लाल दिवे लागले होते. त्यानं दोन्ही हात वर केले. दिवे विझले, चाकं फिरली. ट्रेलर ओढ्याच्या वळणाआड गेला तरी त्याचे हात वरच होते.