काळ्या राखेतला कोंब

चारुशीलाचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. कुवेतच्या एका बँकेत नोकरी करता करता तिला फोटोंचं वेड लागलं, आणि गेल्या सुट्टीत तिनं नवऱ्याला, प्रसादला, घरी नाशिकला न नेता थेट स्पेनच्या ला पाल्मा बेटावर नेलं. तिथे काही वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा उद्रेक होऊन गावंच्या गावं लाव्हाखाली गेली होती. बिचारा प्रसाद ट्रायपॉड घेऊन मागे मागे हिंडला आणि ही काळ्या राखेत पालथी पडून एका कोंबाचे फोटो काढत राहिली.

त्या फोटोंचं प्रदर्शन मराठी मंडळाच्या संक्रांतीला, कुवेतमधल्याच फिंतासच्या हॉलमध्ये लागणार होतं. तिचं पहिलंच. मंडळाच्या अध्यक्ष रत्नमालाताईंनी फोटो पाहून एखादा सूर्यास्त नाही का गं, असं विचारलं. लेक उर्वीनं तर मान वर न करता निकाल दिला होता, "आई, इट्स ऑल ब्लॅक."

चारुशीलाला ते फार लागलं. सगळं जळून गेल्यावर आपलं आपण उगवलेलं ते इवलंसं हिरवं कुणाला तरी दिसावं, एवढंच तिला हवं होतं. एकालाही दिसलं नाही तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं तिनं प्रसादला बजावलं. ती बोलते ते करते, म्हणून तो धास्तावला होता.

संक्रांतीच्या दिवशी मंडळानं हौसेनं घोळ घातला. कोंबाचा सगळ्यात मोठा फोटो बोरन्हाणाच्या पाटामागे, पडदा म्हणून टांगला. काळ्या साड्या नेसलेल्या बायका त्याच्यापुढे सेल्फी काढू लागल्या. काळ्यावर काळं, हलव्याचे दागिने तेवढे उठून दिसत होते. रत्नमालाताई नेमक्या कोंबाला पाठ लावून उभ्या. चारुशीला कोपऱ्यात फुगून बसली. गोड बोलायचा दिवस असला म्हणून काय झालं?

तेवढ्यात कुबरा आली. ही तिची बँकेतली कुवेती मैत्रीण. तिचा रोजचाच काळा अबाया पाहून, पाहुणी अगदी रीतीप्रमाणे आली हो, म्हणून बायका हसल्या. तिळगूळ तोंडात टाकून कुबरा फोटोपाशी गेली आणि चावायची थांबली. रत्नमालाताईंना तिनं हलकेच बाजूला केलं.

"हा आपल्या बुरगानचा ना?" तिनं इंग्रजीत विचारलं.

चारुशीला उठून जवळ गेली. तिनं बेटाचं नाव सांगितलं, पण कुबराचं तिकडे लक्ष नव्हतं. ती लहान असताना, एक्याण्णव साली, युद्धात बुरगानच्या तेलाच्या विहिरी पेटल्या होत्या. भर दुपारी घरात दिवे लावावे लागत. वाळवंट मेलं, असं वडील म्हणायचे. पुढे काही वर्षांनी त्यांनीच तिला गाडीत घालून तिकडे नेलं. डांबरासारख्या टणक झालेल्या जमिनीतून अरफजचं झुडूप वर आलं होतं. वडील त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता," कुबरा म्हणाली. "आता तेही नाहीत. तो फोटो तू काढलास."

 आपण काहीतरी खरं करून दाखवलं, या अभिमानानं चारुशीलाची मान ताठ झाली.

पण सेल्फी कुणाला सुटलीय? रत्नमालाताई पुन्हा पदर सावरत फोटोपुढे सरकल्या. तेव्हा मागून आवाज आला. घरात चार शब्द मराठी बोलायला कुरकुरणारी उर्वी हात पुढे करून उभी होती.

"काकू, जरा सरका ना," ती म्हणाली. "माझ्या आईचा कोंब झाकला जातोय."