साहेबांची बायको

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले. "साहेब घरी आले, दिवा लावला, इथवर ठीक. पण बायको कुठे गेली?"

सूनबाईने पुस्तकातून डोकं वर काढलं. "कुणाची बायको, बाबा?"

"साहेबांची. आणखी कुणाची?"

"त्यांना बायको नाहीये. दुसऱ्या पुस्तकातच सोडून गेली ती. कॉलेजात असताना मी सगळी वाचलीत ना. एकटेच राहतात ते, आणि फ्रिजमधलं शिळं उभ्याउभ्या खातात."

मिस्त्रींनी पलंगाकडे पाहिलं. उशांना टेकून त्यांची बायको बसली होती. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळतही होतं सगळं. नवऱ्याची नजर वळली तसे तिने झटकन डोळे मिटले. आता इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला झोप आणि झोपेचं सोंग यातला फरक कळणार नाही होय?

हे साहेब म्हणजे विलायतेतले एक पोलीस अधिकारी, तेही पुस्तकातले. मिस्त्रींची सगळी हयात लिफ्टदुरुस्तीत गेली. शाळा लवकर सुटली होती आणि इंग्रजी यायचं ते सुट्या भागांच्या नावांपुरतं. बायको मात्र शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती शाळेच्या लायब्ररीतून एक जाड पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "ऐका, मजा आहे." संध्याकाळी मिस्त्री रॉकेलच्या फडक्याने नखांतलं ग्रीस काढत बसायचे आणि ती समोर बसून वाचायची. पुस्तक इंग्रजी आणि तोंडातून धाडधाड मराठी. मिस्त्रींना त्या गोष्टीचं फार कौतुक होतं, कामावर सगळ्यांना सांगून झालं होतं.

पहिल्या पुस्तकात साहेब साधे हवालदार होते, तापट, कुणाचं ऐकून न घेणारे. मग एकेका पुस्तकागणिक वर चढले. केस पिकले, गुडघा धरला. खून कधी कालव्यात, कधी बंद गिरणीत. साहेब भुरभुर पावसात दारोदार जायचे आणि एकच प्रश्न चार जणांना चार तऱ्हांनी विचारायचे. मिस्त्रींना हे मनापासून पटायचं. लिफ्ट अडकली की तेही आधी पान्हा काढत नसत, शेवटी आत कोण होतं ते विचारत. "बहुतेक वेळा खोट दारातच असते," ते बायकोला सांगायचे. "साहेबांना सांग, दार बघा." शेवटचं प्रकरण आलं की ती पुस्तकात बोट घालून ते मिटायची. खुनी कोण, ते आधी मिस्त्रींनी सांगायचं. चुकलं तर भांडी त्यांनी घासायची. त्या घरातली भांडी मिस्त्रींनीच जास्त घासली.

दर वर्षा-दोन वर्षांनी नवं पुस्तक यायचं. साहेब या घरातलेच होऊन गेले होते. परवा मिस्त्रींनीच सूनबाईला विचारलं होतं, "साहेबांचं पुढचं आलं का गं? हिला वाचून दाखवू." आलं होतं, आणि ते शेवटचं होतं.

"बरं," मिस्त्रींनी आता सावकाश विचारलं, "सिगारेट तरी सोडली होती ना त्यांनी?"

"छे हो. पानोपानी ओढतात."

"आणि बढती हुकली तेव्हा? दुसऱ्या दिवशी बुटांना पॉलिश करून कामावर गेले होते ते?"

"तेव्हा तर आठवडाभर दारू पीत पडले होते, बाबा. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

मिस्त्रींच्या हाताखालच्या माणसाला त्यांच्या डोक्यावर फोरमन केलं, ते वर्ष त्यांना आठवलं. राजीनामा खिशात घेऊन ते घरी आले होते. त्याच संध्याकाळी साहेबांचीही बढती हुकली आणि साहेब बुटांना पॉलिश करायला बसले. त्याच्याही आधी एकदा घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. मिस्त्रींनी ताट भिरकावलं होतं आणि मग अबोला धरला होता. अबोल्यातसुद्धा वाचन चालूच. त्या आठवड्यात साहेबांनी बायकोला म्हटलं, चुकलं माझं. "एवढा मोठा अधिकारी बायकोची माफी मागतो?" मिस्त्री न राहवून बोलले होते. ती पानावरची नजर न हलवता म्हणाली होती, "तिकडे मागतात." दोन दिवसांनी त्यांनीही मागितली.

मिस्त्रींना आधी राग आला. ते उठून पलंगापाशी गेले. "म्हणजे इतकी वर्षं तू मला बनवत होतीस?"

तिने डोळे उघडले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं, पण होतं मात्र चोरी पकडली गेल्याचं, अगदी शाळकरी पोरीसारखं. त्या हसण्यापुढे त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. तोंडावर सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. पुन्हा एक ताट गेलं असतं. आणि आता हे असलं काही सांगणारं घरात कुणी उरलं नाही, या विचाराने त्यांना एकदम भरून आलं. त्यांना साहेब नको होते, तिचा आवाज हवा होता.

सूनबाई ओशाळली. "मी उगीच बोलले. पुढचं वाचू? शेवट मी आधीच चाळलाय. ते निवृत्त होतात, रिकाम्या घरात..."

"नको. दे ते इकडे."

"बाबा, इंग्रजी आहे."

"ठाऊक आहे मला. तू चहाचं बघ."

ती आत गेली. मिस्त्रींनी चष्मा लावला, खुर्ची पलंगाला भिडवली आणि पुस्तक दोघांच्या मध्ये, चादरीवर उघडून धरलं. पानावरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती. त्यांनी घसा खाकरला.

"तर साहेब निवृत्त झाले. हार-बीर घेऊन घरी आले. बायको आजारी. बोलता येत नव्हतं तिला. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला. भात लागला." ते थांबले. "खाली लागला, वर कच्चा राहिला. बायकोने नावं ठेवली नाहीत. साहेब म्हणाले, बोल की, काहीतरी बोल, ठेव नावं. मी पुन्हा करतो."

पुढे काय सांगावं ते त्यांना सुचेना, तरी नजर पानावरून हलवली नाही. "साहेबांना तिच्याशिवाय काही येत नव्हतं," ते म्हणाले. "खुनीसुद्धा तीच सांगायची. ते नुसते भांडी घासायचे."

पलंगावर हालचाल झाली. तिचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत पुस्तकाशी आला. बोटं कोपऱ्याशी जरा चाचपडली. मिस्त्री कितीतरी वेळ एकाच पानावर होते. तिने ते पान उलटून दिलं.