पहिली मोट रानाची

मी एक जुनी दगडी डोण आहे, जनावरांना पाणी पाजायची. सध्या पालथी पडले आहे, त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडा मातीचा वास येईल. तेवढा सोसून घ्या, मित्रांनो. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं.

खर्ड्याचा किल्ला मागे टाकून गाडीवाटेने निघालात, की एक कोरडा ओढा लागतो. ओढ्यापलीकडे आमचा माळ. माळावर एक विहीर, विहिरीजवळ धाब्याचं घर, आणि घरापासून जरा लांब, गवताच्या कडेला मी. या घरच्या सुनेच्या, लंकाबाईच्या, आजेसासऱ्याने डोंगरातला काळा दगड आणवून मला घडवून घेतलं. पाथरवट माझे चारही काठ सारखे करायला निघाला, तर म्हातारा त्याच्यावर खेकसला, "पाडसाचं तोंड कुठवर पोचतं त्ये आदी बघ, आन् मग छिन्नी चालीव." म्हणून माझा एक काठ बुटका आहे. गावातल्या बाकीच्या डोणी गुरांसाठी होत्या. मी हरणांसाठी होते, आणि त्याचा मला फार ताठा होता, हे कबूल करते.

त्या घरात एक रीत होती. सकाळी बैल जुंपून विहिरीतून जी पहिली मोट निघेल, ती रानाची. मोट म्हणजे पाणी ओढायची कातड्याची मोठी थैली, हे तुमच्यातल्या पंपवाल्यांना सांगायला हवं. पहिल्या मोटेचं पाणी पाटाने थेट माझ्यात यायचं. त्याआधी घरातलं कुणी तोंडही धुवायचं नाही. आणि पाणी भरलं की सगळ्यांनी पाठ फिरवायची. कुणाच्या जेवणाकडे टक लावून बघू नये, तसं हरणांच्या पाण्याकडेही बघायचं नाही, असा तिथला नेम. कुत्रंसुद्धा तेवढा वेळ घरात बांधायचे.

लंकाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सासूने, दगडाबाईने, तिला पहिल्याच दिवशी ही रीत सांगितली. पोरगी मोठी गुणाची. ती पाठ करून बांधावर बसायची आणि नुसतं ऐकायची. आधी खुरांचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही, मग लपलप पाणी पिण्याचा आवाज. काळवीट सगळ्यांत शेवटी प्यायचा. तो प्यायला की लंकाबाई पदर झटकून उठायची आणि कामाला लागायची.

आमचा माळ पोटापुरतं पिकवायचा नाही. दसरा झाला की लंकाबाई आणि तिचा नवरा गहिनीनाथ गाडी जुंपून ऊस तोडायला जायचे, पार राहात्याच्या बाजूला. दगडाबाई मागे राहायची आणि कळशीने माझ्यात पाणी ओतायची. एका वर्षी लंकाबाई तान्ही लेक कडेवर घेऊन गेली आणि वैशाखात रिकाम्या हाताने परत आली. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, थंडीने लेकरू गेलं होतं. त्या उन्हाळ्यात ती मला नारळाच्या शेंडीने घासायची आणि घासता घासता म्हणायची, "पुन्यांदा न्हाई जायची मी. मेले तरी न्हाई." पुढे चांगुणा झाली. चांगुणाला कोपीत न्यायचं नाही, एवढं एकच लंकाबाईने मनाशी धरलं होतं. बाकी तिला काही नको होतं, मित्रांनो.

सत्तर सालच्या पावसाळ्यानंतर नगरचे एक वकील खर्ड्याला मुक्कामाला आले होते. राधाकृष्ण वकील म्हणत त्यांना. भल्या सकाळी परत निघाले तर त्यांची मोटार आमच्या ओढ्यात तापली. पाणी मागायला ते विहिरीवर आले आणि समोर माझ्या काठावर हरणांचा कळप. रीत त्यांना कोण सांगणार? ते डोक्यावरची टोपी काढून बघतच राहिले. जाताना म्हणाले, "लंकाबाई, हे बघायला लोक मुंबईहून येतील. तुम्ही चहा-भाकरीची सोय करा. तुम्हालाही दोन पैसे मिळतील आणि हरणांनाही कुणी धक्का लावणार नाही. ज्याचं पोट हरणांवर चालतं, तो हरणं राखतोच." माणूस मनापासून बोलत होता. मला तर ते शब्द फार आवडले होते.

दगडाबाईला नाही आवडले. "त्यांच्या पान्याकडं बगू नये," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

पण पाहुणे येऊ लागले. बाभळीखाली तरट अंथरलं जायचं, पिठलं, भाकरी आणि ठेचा वाढला जायचा. अडचण एकच होती. शहरातली माणसं पोचायची उन्हं चांगली वर आल्यावर, आणि हरणं तोवर पाणी पिऊन निघून गेलेली असायची. दोन गाड्या तोंड वाकडं करून माघारी गेल्या. त्या दिवशी लंकाबाई माझ्या काठावर बराच वेळ बसून होती. दसरा जवळ आला होता.

मग ती उठली आणि गहिनीनाथला म्हणाली, "पैली मोट रानाचीच. त्यात फरक न्हाई करायचा. पर ती सकाळीच काडावी असं कुटं सांगितलंय? पावणं आल्यावर काडू."

"आन् तोवर?"

"तोवर आपुन बी पानी घ्यायचं न्हाई. बैलांना बी न्हाई. मग रीत कुटं मोडली?"

अगदी तसंच केलं त्यांनी. ज्या दिवशी गाडी यायची, त्या दिवशी घरातलं कुणी घोटभर पाणी प्यायचं नाही. चांगुणा रडायची, बैल दावणीला जीभ काढून उभे राहायचे, आणि मी कोरडी. वकिलांचा ड्रायव्हर ओढ्याच्या वळणावर आला की लांब हॉर्न वाजवायचा. तो ऐकून गहिनीनाथ बैल जुंपायचा. गाडी बाभळीखाली पोचायला आणि माझ्यात पाणी पडायला एकच गाठ पडायची. हरणं टेकाडामागे ताटकळत असायची, ती खाली यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. रीत पाळली म्हणून घर निर्धास्त होतं. इतक्या इमानाने कुणी चूक केलेली मी दुसरी पाहिली नाही.

त्या दसऱ्याला ऊसतोडीची गाडी जुंपली गेली नाही. लंकाबाईने चांगुणाला माझ्यात बसवून अंघोळ घातली आणि वेड्यासारखी हसत राहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. वकिलांनी माझा फोटोही काढला. मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं.

वकील शहाणे होते. त्यांनी बजावलं होतं, "आठवड्यात एकच दिवस. एकाच गाडीची माणसं. हाव केलीत तर सगळंच जाईल." काही महिने हे पाळलंही. पण वकिलांच्या मित्रांना मित्र होते, आणि त्यांनाही मोटारी होत्या. दारात आलेल्या पाहुण्याला माघारी कसं लावायचं? गहिनीनाथला ते जमलं नाही. लंकाबाईला जमवायचं नव्हतं, कारण दर गाडीमागे कोपी थोडी लांब जात होती. मग रोजच गाडी, रोजच वळणावर हॉर्न आणि रोजच पहिली मोट उशिरा. उन्हाळ्यात हरणं सकाळपासून खुरं घासत उभी राहायची. गवतातून चाकं फिरली. माळढोक पक्षी आधी निघून गेला, त्याला आमच्या पाण्याची गरज नव्हती. हरणांना होती.

"ह्ये पानी हरनांचं हाय का पावन्यांचं?" दगडाबाईने एकदा विचारलं.

"आत्याबाई, तुमच्या नातीचं हाय," लंकाबाई म्हणाली. म्हातारीने नातीला उचलून कडेवर घेतलं.

हळूहळू हरणं हॉर्न ओळखायला लागली. मोट सुरू व्हायच्या आधीच, नुसता हॉर्न ऐकून ती टेकाडावरून धावत यायची. मोटारीच्या टपाजवळून उड्या मारत जायची. पाहुण्यांना केवढं कौतुक! मोटारीला न भिणारी हरणं कुणी कधी बघितली नव्हती.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीही पाऊस बेताचाच होता, यंदा त्याने पुरती पाठ दाखवली. गवत उगवलंच नाही. धुळीत बसून भाकरी खायला कोण येणार? गाड्या बंद झाल्या. विहिरीने तळ दाखवला, मोट खुंटीला टांगली गेली. गहिनीनाथ दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला.

लंकाबाईने तेव्हा पुन्हा जुनी रीत धरली. विहिरीत उतरून गढूळ पाण्याची घागर भरायची, दिवस उगवायच्या वेळी माझ्यात ओतायची आणि पाठ करून बांधावर बसून ऐकायची. खुरं वाजायची नाहीत. चिमण्या यायच्या, पिऊन जायच्या. हरणं टेकाडावर उभी असायची, वळणाकडे तोंड करून. ती हॉर्नची वाट बघत होती. उरलेलं पाणी दुपारपर्यंत उन्हाने आटायचं, आणि लंकाबाई कपाळाला हात लावायची.

भाद्रपदात एका दुपारी हॉर्न वाजला.

लंकाबाई धावत बाहेर आली. तिला वाटलं वकील आले. पण जीप दुसरीच होती. आत एक मक्तेदार आणि त्याची दोन माणसं. मागच्या साली तो पाहुणा म्हणून येऊन गेला होता, माझ्या काठावर पाय ठेवून चहा प्याला होता. आता त्याच्या मांडीवर बंदूक होती. टेकाडावरून कळप सुटला. लंकाबाई पदर फडकवत हरणांच्या आडवी धावली. "हाड! पळा! पळा की रं बाबांनो, पळा!" पण तिला कोण भिणार? तिच्या अंगाचा वास त्यांच्या ओळखीचा होता. हरणं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून आली आणि माझ्यात तोंडं घातली. मी कोरडी होते. कोरड्या दगडाला चाटत ती उभी होती, तेव्हा बार झाले.

काळवीट माझ्या बुटक्या काठावर पडला. त्याचं रक्त माझ्यात साचलं आणि एक तहानलेली हरणी तेही हुंगून बघायला वाकली. तीही पडली. मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या दिवशी दगड असल्याचा मला काही उपयोग झाला नाही.

मक्तेदार जाताना हसून म्हणाला, "वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? दुष्काळानं मरायचीच होती." त्याने माझ्या काठावर एक नोट ठेवली, वर खडा ठेवला. "तुमच्या डोणीचं भाडं समजा."

लंकाबाईने नोटेला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत दगडाबाई काठी टेकत आली आणि ती घेऊन गेली. घरात ज्वारी नव्हती. मी म्हातारीला दोष देत नाही.

वकिलांच्या कानावर गेलं तसे ते आले. टोपी हातात घेऊन माझ्याजवळ उभे राहिले.

"वकीलसायेब," लंकाबाई म्हणाली, "तुमी चांगलं मानूस. आमी बी वाईट न्हवतो. मग ह्ये झालं कुनाच्या हातनं?"

वकिलांनी टोपी डोक्यावर चढवली. मोटारीत बसताना ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "हॉर्न वाजवू नकोस."

दसऱ्यानंतर ऊसतोडीची गाडी पुन्हा जुंपली. निघायच्या दिवशी लंकाबाई पहार घेऊन आली. "मला बगितलं की येत्यात, डोन बगितली की येत्यात. मी तर चालले. हिला पालथी घाला." गहिनीनाथने दोर बांधले, बैलांनी ओढलं, आणि मी उलटले. लंकाबाई तेवढा वेळ माझ्याकडे पाठ करून उभी होती. घरात दाणा उरला नव्हता, म्हणून या खेपेला दगडाबाईही गाडीत बसली. मग चाकं वाजली, आणि चांगुणाचं रडणं ओढ्यापर्यंत ऐकू येत राहिलं. वैशाखात गाडी परत येईल. तिच्यातून किती जणं उतरली ते मला दिसणार नाही, पण चांगुणाचा आवाज मी ओळखेन. आला तर.

आता ओढ्यापलीकडून दुष्काळी कामाच्या खडीचे ट्रक जातात. ट्रकचा हॉर्न वाजला की थोड्या वेळाने माझ्याजवळ खुरं वाजतात, हलकी, एकाच पाडसाची. ते माझ्याभोवती फिरतं, बुटका काठ शोधतं. तो मातीत गेला आहे. मग माझ्या बुडावर रात्रीचं दव असेल तेवढं चाटतं आणि जातं.

मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला या वाटेने यायचं झालं, तर पायी या आणि पहार घेऊन या. मला सरळ करा. एक घागर माझ्यात ओता. मग कितीही बघावंसं वाटलं तरी पाठ फिरवा आणि निघून जा. पण लवकर या. काल ट्रक वाजला, आणि खुरं वाजली नाहीत.