सगळ्यात जुनी गाडी पुढे

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात दुसऱ्याच्या गाडीला कोणी हात लावत नाही. इथली माणसं पोरगं कितवीत आहे ते विसरतील, पण बॉनेटवरचा बोटाचा ठसा कोणाचा ते बरोबर सांगतील. त्या शनिवारी सकाळी मात्र दातांचे डॉक्टर स्वतःच्या फडक्याने आमच्या गाडीचे दिवे पुसत होते. वहिनी दाराला टेकून फोटो काढून घेत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी बावळट, मला वाटलं, चला, उशिरा का होईना, लोकांना अक्कल आली.

गाडी बाबांची, चालवते मी. आजारपणानंतर बाबांचं बोलणं गेलं. घरात काहीही विचारा, मान हलवतात. जेवायचंय? मान. जेवण झालं? मान. पण गाडीत शेजारी बसवलं की त्यांची जीभ सुटते. "क्लच हळू सोड." "दुसरा टाक." "आंधळी आहेस का?" एवढंच, त्यातही निम्मा शिमगा. पण आवाज त्यांचाच, पूर्वीचा. म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांना फिरवून आणते आणि पोटभर बोलणी खाते. तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघतो.

सहल दोन दिवसांची, मोटारींच्या संग्रहालयाची. अध्यक्ष माझा दादा. क्लबचा नियम असा, की सगळ्यात जुनी गाडी पुढे आणि तिला कोणी ओलांडायचं नाही. त्यामुळे सगळी वरात आमच्या चालीने निघाली. घाटात बाबांनी तीनदा मला गाढव म्हटलं. मी खूश होते.

संग्रहालयाच्या बोळात वळलो तर रखवालदाराने दुसरी फाटकं सोडून आम्हाला थेट दालनाच्या मोठ्या दारातून आत घेतलं. मागे बोळभर बाकीच्या गाड्या लागल्या. आत एक जागा दोऱ्या लावून मोकळी ठेवलेली. मी इंजिन चालूच ठेवलं. लांबून आल्यावर गाडीला जरा दम खाऊ द्यायचा, ही बाबांची शिस्त.

क्लबचे लोक भोवती जमले. संग्रहालयाच्या प्रमुखांनी एका पितळी पाटीवरचं कापड ओढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर बाबांचं पूर्ण नाव होतं, खाली "यांच्याकडून सप्रेम भेट" आणि नावाच्या आधी "दिवंगत".

क्षणभर मला वाचता येत असून कळेना. मग कळलं, आणि डोक्यात सणक गेली.

"हे काय आहे?" मी काच खाली करून विचारलं.

दादा जवळ आला, हसतच. "तुला सरप्राइज द्यायचं होतं. बाबांचं नाव कायमचं राहील बघ इथे."

"सरप्राइज? वाढदिवस आहे का माझा? आणि बाबांना मारून टाकलंस ते?"

प्रमुख वरमले. "माफ करा, आमच्याकडे गाड्या बहुतेक गेलेल्यांच्याच येतात. पाटीवाल्याने सवयीने कोरलं. बदलून देऊ. तुम्ही इंजिन बंद करा, पेट्रोल आणि तेल काढून घ्यायचंय. नंतर गाडी ठोकळ्यांवर चढवू."

"म्हणजे ती परत चालणार नाही?"

"संग्रहालय आहे हो," ते म्हणाले.

"बाबांना विचारूनच ठरवलंय," दादा म्हणाला. "त्यांनी मान हलवली."

"मान हलवली! अरे, त्यांना विचार की तू गाढव आहेस का, तरी हलवतील! ज्या गाडीत ते बोलतात तीच उचलून देतोस? घरी येऊन कधी बसलास त्यांच्याजवळ? यांना सगळ्यांना माहीत होतं, आणि मीच ती आणून पोचवायची?"

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. फडकं अजून त्यांच्या हातात होतं. मला ते हिसकावून त्यांच्याच तोंडात कोंबावंसं वाटलं.

"लोकांसमोर तमाशा नको," दादा दबक्या आवाजात म्हणाला. मग गाडीला वळसा घालून बाबांच्या बाजूचं दार उघडलं. "बाबा, उतरा. उतरायचं ना?"

बाबांची नजर पाटीवर होती. ओठ हलत होते, अक्षर अक्षर लावत होते. त्यांनी मान हलवली नाही. हात लांब केला आणि दार दादाच्या हातातून ओढून धाडकन लावलं.

"रिव्हर्स टाक," ते म्हणाले.

मी टाकला. दादा धावत गाडीच्या मागे जाऊन दारात उभा राहिला, दोन्ही हात पसरून. त्याच्यामागे बोळात क्लबच्या गाड्यांची रांग. आरशात मला तो दिसत होता, लालबुंद. मी क्लच दाबूनच धरला.

"बाबा, मागे दादा आहे," मी म्हटलं.

"दिसतंय," बाबा म्हणाले. "हॉर्न दे."

मी हॉर्नवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. सगळं दालन दणाणलं. आधी डॉक्टर पळाले, आपली गाडी मागे घ्यायला. मग बाकीचे. नियम तो नियम, सगळ्यात जुन्या गाडीला वाट द्यायची. बोळातून एकेक गाडी मागे सरकत गेली. दादा सगळ्यात शेवटी बाजूला झाला.